बाळ अंगावर पितंय आणि वजनही उतरवायचंय, तर सुरुवात कुठून?

माझ्या पहिल्या बाळंतपणात आईने डिंकाचे साठ लाडू वळले होते. रोज दोन, म्हणजे महिनाभर पुरतील, असा तिचा हिशोब. ते संपायच्या आत सासूबाईंनी अळिवाचे चाळीस पाठवले. तेही संपत आले तेव्हा मावशी मेथीचे घेऊन हजर. बाळ पाच महिन्यांचं झालं तरी ओट्यावरचा तो स्टीलचा डबा मी कधी रिकामा पाहिला नाही.

दिवस राहण्याआधी मी ५८ किलो होते. नवव्या महिन्यात ७१, बाळंत होऊन घरी आले तेव्हा साडेपासष्ट, सव्वा महिन्याला ६३. आणि त्यानंतर काही महिन्यांतच ६७! गरोदरपणात चढलेलं वजन आपल्या पायांनी उतरत होतं, ते बाळंतिणीच्या खाण्याने परत वर आणलं. पहिल्यांदा आई झालेल्या बहुतेक जणी इथेच फसतात, आणि मग घाबरून एकदम जेवणच तोडतात. मीही तोडलं होतं. त्याचं काय झालं ते पुढे येईलच. दुसऱ्या खेपेला एका आहारतज्ज्ञ मैत्रिणीला विचारत विचारत, घाई न करता केलं. ते जसं केलं त्या क्रमाने इथे लिहिते आहे.

आधी थोडा हिशोब

बाळ तीन किलोच्या आसपास, वार अर्धा-पाऊण किलो, गर्भजल आणि रक्त मिळून किलो-दीड किलो. म्हणून बाळंत झाल्याबरोबर पाच-सहा किलो उतरतात. पुढचे दोन-तीन आठवडे अंगात साठलेलं पाणी घामातून आणि लघवीतून जात राहतं. रात्री गाऊन चिंब होऊन जाग येते ती त्यामुळे. त्यात आणखी दोन-तीन किलो. गर्भाशय तेव्हा जवळजवळ किलोभराचं असतं, ते आकसत आकसत सहा आठवड्यांत मूळ जागी जातं. या सगळ्यासाठी तुम्हाला काहीही करावं लागत नाही.

मागे राहते ती चरबी. ती शरीराने दूध तयार करण्यासाठीच साठवलेली असते, आणि खरं तर दुधावाटेच ती जायला हवी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली भारतीयांसाठी जे आकडे दिले, त्यानुसार बैठं काम करणाऱ्या बाईला दिवसाला १६६० कॅलरी लागतात. बाळ फक्त अंगावर पीत असेल तर पहिले सहा महिने त्यावर ६०० जास्त, नंतरचे सहा महिने ५२० जास्त. म्हणजे सुरुवातीला २२६० च्या आसपास. इतकं खाल्लं तर वजन आहे तिथे थांबेल. त्यात साडेतीनशे कमी पडले, तर तेवढे शरीर साठवणीतून काढून घेईल. एक किलो चरबी म्हणजे अंदाजे ७७०० कॅलरी. तेव्हा रोज साडेतीनशेची तूट ठेवली की तीन आठवड्यांत एक किलो उतरतं.

तीन आठवड्यांत एक किलो! जाहिरातींपुढे हा आकडा अगदीच केविलवाणा दिसतो. पण बाळ पीत असताना हाच वेग बरा. आठवड्याला अर्धा किलो ही वरची हद्द समजा. २००० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, वजन जास्त असलेल्या आणि फक्त अंगावर पाजणाऱ्या बायकांचं वजन चौथ्या ते चौदाव्या आठवड्यात बेताच्या आहाराने आणि व्यायामाने आठवड्याला अर्ध्या किलोने उतरवलं होतं, आणि त्यांच्या बाळांच्या वाढीत काही फरक पडला नव्हता. त्याहून वेगाने उतरवायला गेलात तर आधी थकवा येतो, मग चिडचिड, मग दुधाची काळजी. आणि एकूण खाणं १८०० कॅलरींच्या खाली जाऊ द्यायचं नाही, ही खालची हद्द.

पहिला सव्वा महिना: काटा माळ्यावर

पहिले सहा आठवडे वजन कमी करण्याचा विचारसुद्धा नको. दूध नीट उतरायला, टाके भरायला, गेलेलं रक्त भरून यायला हा वेळ लागतो. आपल्याकडची सव्वा महिन्याची चाल या बाबतीत अगदी बरोबर आहे. बाळंतिणीने विश्रांती घ्यावी, चार माणसांनी तिला आयतं खायला द्यावं.

फक्त एका गोष्टीवर डोळे उघडे ठेवा. अनेक घरांत पथ्याच्या नावाखाली पालेभाजी बंद, फळं बंद, दही-ताक बंद, पाणीसुद्धा मोजून. मग उरतं काय? तुपातला शिरा, साखर घातलेलं दूध, लाडू, तूप-भात. यात बद्धकोष्ठ होतं, टाके दुखतात आणि वजन चढतं. आईने कोबी खाल्ला म्हणून बाळाच्या पोटात गॅस जात नाही. गॅस तिच्याच आतड्यात होतो, दुधात उतरत नाही. पाणी तर तहान लागेल तेवढं प्या. पाजायला बसताना हाताशी एक तांब्या ठेवा, कारण बाळाने तोंड लावलं की पाचव्या मिनिटाला घसा कोरडा पडतो, आणि तेव्हा घरात कोणीच हाकेच्या अंतरावर नसतं.

सासूबाईंचं एक पालुपद होतं. "अगं, तूप खा, नाहीतर दूध कुठून येणार?"

"आई, दूध बाळ ओढेल तसं येतं," मी म्हणायचे.

"हो का? मग आम्ही काय उगाच खाल्लं?"

यावर उत्तर नसतं. पण खरं तेच आहे: बाळ जितक्या वेळा आणि जितकं नीट ओढेल, तितकं दूध तयार होतं. तुपाचा चमचा वाढवून ते वाढत नाही. तुपाच्या एका मोठ्या चमच्यात सव्वाशेहून जास्त कॅलरी असतात, आणि शिऱ्याच्या एका वाटीत ते किती चमचे जातं हे करणाऱ्यालाच माहीत.

पोटाला पट्टा किंवा जुनं नऊवारी बांधण्याबद्दल मला खूप जणी विचारतात. त्याने चरबी जळत नाही. सिझेरियननंतर खोकताना-उठताना आधार वाटतो, तेवढ्यापुरता सैलसर बांधा. आवळून बांधला की दाब खाली ओटीपोटाच्या स्नायूंवर येतो, ते नको. मालीशवाल्या मावशींच्या हाताखालीही चरबी वितळत नाही. पण मालीश बंद करू नका. दिवसभरातला तो एकच तास कोणीतरी तुमच्याकडे बघत असतं.

सहाव्या आठवड्याची तपासणी चुकवू नका

बाळाच्या लशीला आपण तारीख पाहून जातो आणि स्वतःची तपासणी "बरं आहे की" म्हणून सोडून देतो. खाण्या-व्यायामाचं काहीही ठरवण्याआधी हे चार प्रश्न डॉक्टरांना विचारून घ्या.

हिमोग्लोबिन किती आहे? रक्त कमी असेल तर आधी ते. लोह-फॉलिक ॲसिडची गोळी बाळंतपणानंतरही १८० दिवस रोज घ्यायची असते आणि कॅल्शियमची ५०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा सहा महिने. सरकारी दवाखान्यात दोन्ही फुकट मिळतात. दोन्ही एकदम गिळू नका, मध्ये दोन तास जाऊ द्या, आणि लोहाच्या गोळीवर चहा नको.

गरोदरपणात साखर वाढली होती का? मग सहा आठवड्यांनी ग्लुकोज पिऊन करायची तपासणी पुन्हा हवीच. अशा बायकांना पुढे मधुमेहाचा धोका जास्त असतो. त्यांच्यासाठी वजन उतरवणं फक्त जुने ब्लाउज बसण्यापुरतं नाही.

थायरॉईड? बाळंतपणानंतरच्या वर्षात तो बिघडू शकतो. वजन काही केल्या हलत नाही, सारखी थंडी वाजते, अंग जड वाटतं, किंवा उलट खाऊनही भराभर वजन जातं आणि छाती धडधडते, असं काही असेल तर टीएसएच ही थायरॉईडची रक्ततपासणी करून घ्या. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस मात्र बहुतेक सगळ्यांचेच गळतात. त्यासाठी स्वतःच्या जेवणाला दोष देऊ नका.

आणि चौथा प्रश्न: व्यायामाला कधीपासून सुरुवात करू?

आता ताट

खाणं कमी करायचं म्हणजे पोळी अर्धी करायची, असं नाही. माझ्या मैत्रिणीने पहिल्याच दिवशी वहीत लिहून आणायला सांगितलं: काय खाल्लं, कधी, आणि कोणी दिलं. हा "कोणी दिलं"चा रकाना फार बोलका निघाला. दिवसभराच्या माझ्या खाण्यातला मोठा वाटा मी भूक लागून घेतलेला नव्हताच. कोणीतरी वाटी हातात दिली होती, आणि एका हातात बाळ असताना दुसऱ्या हाताने मी ती संपवली होती.

प्रथिनांपासून सुरुवात करा. पोषण संस्थेच्या आकड्यांप्रमाणे पाजणाऱ्या आईला पहिल्या सहा महिन्यांत नेहमीच्या ४६ ग्रॅमवर आणखी १७ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ६३ च्या आसपास. आपल्या शाकाहारी ताटात ती आपोआप येत नाहीत. घट्ट वरणाच्या किंवा उसळीच्या वाटीत सात ग्रॅम, पावशेर दुधात आठ, एका अंड्यात सहा, मूठभर फुटाण्यांत पाच-सहा, ५० ग्रॅम पनीरमध्ये नऊ, दोन पोळ्यांत सहा-सात. बेरीज करून बघा. पातळ आमटी-भातावर ती बसत नाही. वरण घट्ट झालं आणि दोन्ही वेळच्या जेवणात उसळ, डाळ, अंडं किंवा मासळी यांतलं काही आलं, की मधली खाखा निम्म्याने कमी होते. कोकणात किंवा गोव्यात असाल तर बांगडा, तारली, मांदेली यांसारखी लहान मासळी आठवड्यातून दोन-तीनदा घ्या, तळण्याऐवजी कालवणात. मोरी (शार्क) मात्र टाळलेली बरी, मोठ्या शिकारी माशांत पारा साठतो.

माझा दुसऱ्या खेपेचा साधारण दिवस असा होता. उठल्यावर कपभर दूध, साखर अर्धा चमचा. साडेआठला दोन मुगाची धिरडी नाहीतर एक थालीपीठ आणि वाटीभर दही. पोहे असतील तर त्यात मटार-शेंगदाणे आणि जोडीला उकडलेलं अंडं. अकराला एक फळ आणि एक लाडू. दुपारी दोन पोळ्या किंवा एक भाकरी, उसळ, पालेभाजी, कोशिंबीर, थोडासा भात, ताक. चारला चहा आणि मूठभर फुटाणे. रात्री आठला पुन्हा भाकरी, भाजी, घट्ट वरण. कंटाळा आला की मूगडाळीची खिचडी, पण तिच्यात डाळ तांदळाइतकीच. झोपताना पेलाभर दूध. वरून घेतलेलं तूप दिवसभरात तीन छोटे चमचे, चमच्याने मोजून, भांड्यातून ओतून नाही. हे सगळं मिळून दोन हजारांच्या आसपास जातं. पोटभर जेवण आहे हे, उपाशी कोणी राहत नाही.

लाडवांचं काय करायचं?

लाडवांना शिव्या घालणाऱ्यांतली मी नाही. चाळीस ग्रॅमच्या डिंकाच्या लाडवात तूप, गूळ, खोबरं, खारीक धरून पावणेदोनशे ते दोनशे कॅलरी असतात. दोन लाडू म्हणजे चारशेच्या जवळ. पाजण्यासाठी लागणाऱ्या जास्तीच्या सहाशेपैकी दोन तृतीयांश एवढ्यातच भागले! पूर्वीच्या बाईचं बाकीचं जेवण भाकरी, वरण आणि भाजीवर संपायचं, आणि सव्वा महिन्यानंतर ती परत विहिरीवर, जात्यावर. त्या हिशोबात लाडू चोख बसतो. आपल्या हिशोबात तो शिरा, खीर, साखरेचं दूध आणि बिस्किटांच्या वर येऊन बसतो, म्हणून गणित चुकतं.

तेव्हा सव्वा महिन्यापर्यंत रोज दोन, बाकी गोड बंद. त्यानंतर रोज एक. पुढचा डबा येऊ घातला असेल तर फोन करून सांगा की लाडू अर्ध्या आकाराचे वळा, गूळ थोडा कमी घाला. "नको" म्हटलं तर कोणी ऐकत नाही, "लहान वळा" म्हटलं तर ऐकतात. हा माझा अनुभव आहे आणि दोन्ही घरांत खरा ठरला. परदेशात असलेल्या मैत्रिणींची तर वेगळीच तऱ्हा. आई व्हिसावर येते ती बॅगेत डिंक, अळीव आणि खारीक घेऊन, आणि परत जाताना फ्रीझर भरून जाते. त्या फ्रीझरमधले लाडू वर्षभर पुरवायला हरकत नाही.

रात्री तीन वाजता

सगळ्यात जास्त घसरगुंडी दिवसा होत नाही. रात्री बाळ पिऊन झोपतं, तुम्ही टक्क जाग्या, पोटात आग पडलेली, आणि अंधारात हाताला लागतो तो बिस्किटांचा पुडा नाहीतर खारीचा डबा. ही भूक खोटी नसते. पाजून लागलेलीच असते. तिला उपाशी ठेवू नका, तिच्यासाठी आधीच काढून ठेवा. माझ्या उशाशी एक छोटी बरणी असायची: फुटाणे, चार बदाम, दोन खजूर. बरणी एकदाच भरायची, संध्याकाळी. बिस्किटांचा डबा वरच्या फडताळात. तिथे चढायला स्टूल लागतं, आणि रात्री तीनला स्टूल ओढण्याचा आवाज कोणत्याही आईला परवडत नाही.

झोप कमी तितकं गोड खावंसं जास्त वाटतं, हे तर तुम्ही अनुभवलं असेलच. "बाळ झोपलं की तू झोप" हा सल्ला देणाऱ्याने बाळाची लंगोटी कधी धुतलेली नसते. त्यापेक्षा नवऱ्याशी रोकडा सौदा करा: संध्याकाळचं पाजून झाल्यावर सलग चार तास बाळ त्याच्याकडे. ढेकर काढणं, लंगोट बदलणं, फिरवणं सगळं त्याचं.

उपास

चतुर्थी-एकादशी सोडवत नसेल तर फळं, दूध, ताक, राजगिरा, शेंगदाणे घेऊन करा; साबुदाण्याच्या खिचडीला उपासाचं खाणं समजून वजन उतरेल असं मात्र धरू नका. निर्जळी उपास, मग तो हरताळकेचा का असेना, पाजत असताना नको. सोळा-सोळा तास न खाण्याच्या पद्धतीही नकोत. पोळी-भात पूर्ण बंद करून फक्त चरबी-प्रथिनांवर राहण्याचा आहार तर अजिबातच नको. पाजणाऱ्या आयांच्या रक्तात त्यामुळे आम्ल साचून त्यांना रुग्णालयात भरती करावं लागल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेल्या आहेत.

माझी चूक

चुलतबहिणीचं लग्न होतं, बाळ चार महिन्यांचं. फोनवर एकवीस दिवसांचं एक पॅकेज दिसलं आणि मी पैसे भरले. सकाळी काकडीचा रस, दुपारी सॅलड, रात्री सूप. मी पाजते आहे हे मी त्यांना लिहिलं होतं. "नो प्रॉब्लेम मॅम" असं उत्तर आलं. दोन आठवड्यांत अडीच किलो उतरलं. मी खूश.

मग लशीच्या दिवशी बाळाला काट्यावर ठेवलं. परिचारिकेने कार्डावर ठिपका दिला, जरा थांबली आणि मागचा ठिपका पुन्हा पाहिला. रेघ वर जायची ती आडवी झाली होती. डॉक्टरांनी आधी बाळाला तपासलं, पकड पाहिली, लघवी किती वेळा होते विचारलं, आणि मग माझ्याकडे वळून साधा प्रश्न केला, "तुम्ही काय जेवता?" मला उत्तर देता येईना. सगळा दोष सूपचाच होता असं नाही. अंगात त्राण नसल्यामुळे मी रात्रीचं पाजणंही टाळायला लागले होते. दोन्ही सुधारलं तेव्हा पुढच्या महिन्यात रेघ परत वर वळली. लग्नात मी काठाला जोड दिलेला ब्लाउज घातला. कोणाच्या लक्षातही आलं नाही.

म्हणून आधी बाळाचा काटा, मग आपला. बाळाचं वजन दोन आठवड्यांत जन्मावेळच्या आकड्याला परत यावं, पहिल्या तीन महिन्यांत आठवड्याला दीडशे-दोनशे ग्रॅमने वाढावं, पुढे वेग आपोआप थोडा मंदावतो. दिवसाला सहा-सात वेळा तरी लंगोट नीट ओला व्हावा. माता-बाल संरक्षण कार्डावर वाढीची रेघ असते, अंगणवाडीतही वजन करून देतात. ती रेघ नीट चढत असेल तोवर तुमचा आहार बरोबर चालला आहे. आडवी झाली, की तुमची तूट त्या दिवसापासून बंद आणि डॉक्टरांची गाठ.

स्वतःचं वजन पंधरा दिवसांतून एकदाच करा. सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर आणि बाळाला पाजून झाल्यावर. भरलेल्या छातीने काटा उगाच पुढे सरकतो. टेलरची टेप घेऊन बेंबीच्या रेषेत कंबरही मोजा. वजन तिथेच असताना कंबर दोन सेंटिमीटर कमी झाली, असे महिने येतात. भारतीय बाईची कंबर ८० सेंटिमीटरच्या आत असावी, असं मानलं जातं. तिथे पोहोचायला वर्षभर लागलं तर लागू द्या, चढायला नऊ महिने लागले होते.

व्यायाम: पोटापासून नाही, श्वासापासून

साध्या बाळंतपणानंतर पहिल्या काही दिवसांतच घरातल्या घरात चालायला हरकत नसते. सिझेरियन असेल तर डॉक्टर सांगतील तसं, आणि सहा आठवडे बाळाहून जड काही उचलायचं नाही. भरलेली बादली, मोठा कुकर, सिलिंडर यांतलं काहीच नाही.

पहिला व्यायाम पडल्या पडल्याच करायचा. उताणं झोपून गुडघे दुमडा, एक हात पोटावर. नाकाने श्वास घेताना पोट वर येऊ द्या. सोडताना बेंबी पाठीकडे ओढा आणि त्याच वेळी, चारचौघांत वारा सरायला नको म्हणून आपण जे आवळून धरतो ते खालचे स्नायू आवळा. पाच मोजा, सोडा. असे दहा, दिवसातून तीनदा. खोकताना-हसताना थेंब थेंब लघवी होत असेल तर याच व्यायामाने फरक पडतो. लघवी करताना मध्येच थांबवून याचा सराव करू नका.

दुसरी तपासणी सहा-आठ आठवड्यांनी, घरच्या घरी. त्याच अवस्थेत बेंबीच्या जरा वर दोन बोटं आडवी टेकवा आणि डोकं किंचित उचला. पोटाचे दोन उभे स्नायू बोटांच्या दोन्ही बाजूंना घट्ट झालेले लागतील. मध्ये दोन बोटांहून जास्त फट असेल, किंवा डोकं उचलताना मधोमध उंचवटा येत असेल, तर फिजिओथेरपिस्टला दाखवा. अशा पोटावर उताणं झोपून धड उचलण्यासारखे (सिट-अप्स) पोटाचे व्यायाम केले तर फट वाढू शकते. "वजन उतरलं पण पोट तसंच" म्हणणाऱ्या कित्येक जणींची अडचण चरबीची नसून ही फट असते.

त्यानंतर चालणं. एकदम तासभर बाहेर पडायला कोणाला मिळतं? गच्चीवर दहा मिनिटं, तिनदा. आठव्या-दहाव्या आठवड्यापासून बाळाला छातीशी धरून भिंतीला पाठ टेकून खाली-वर होणं. त्याला मजा वाटते, मांड्यांना काम मिळतं. पळणं, उड्या, झुंबा तीन महिन्यांच्या आधी नको, आणि सूर्यनमस्कारही तेव्हाच, दोनपासून सुरू करून. सांधे अजून सैल असतात. व्यायामाने दूध आंबट होतं ही भीती सोडून द्या. आधी पाजून घ्या आणि आधार देणारी ब्रा घाला, म्हणजे छाती ओढल्यासारखी होत नाही.

पावडरी, चहा, गोळ्या

थोडक्यात: नको. वजन उतरवण्याच्या गोळ्या, फॅट बर्नर, डिटॉक्स चहा, आणि हल्ली गाजणारी भूक मारणारी इंजेक्शनं, यांतलं काहीही पाजत असताना घेऊ नका. "आयुर्वेदिक आहे" म्हणून विश्वास टाकू नका. डबीवर काय लिहिलंय आणि आत काय आहे यात अंतर असू शकतं. शतावरीच्या कल्पात साखर किती आहे तेही एकदा वाचा.

हे दिसलं तर वजनाचं सगळं बाजूला

कमी झालेला रक्तस्राव अचानक वाढणं, ताप, टाक्यातून पू, एकाच पायाची पोटरी सुजून दुखणं, दम लागणं, डोकं प्रचंड दुखून डोळ्यांपुढे अंधारी येणं. यांतल्या कशालाही उद्यावर ढकलू नका, त्याच दिवशी डॉक्टर. आणि दोन आठवड्यांनंतरही रोज रडू येत असेल, बाळाकडे पाहून काहीच वाटत नसेल, जेवण नकोसं झालं असेल, तर त्याला "बाळंतपणाचा शीण" म्हणून घरात दडपू नका. १४४१६ या टेली-मानसच्या क्रमांकावर चोवीस तास फुकट बोलता येतं, मराठीतही.

सहा महिन्यांनंतर

बाळ वरचं खायला लागलं की एक नवीनच खाणं सुरू होतं: उरलेलं. अर्धी वाटी नाचणीचं सत्त्व, तूप घातलेल्या मऊ भाताचे चार घास, अर्धं केळं. टाकवत नाही म्हणून ते सगळं आईच्या पोटात जातं. बाळाला चमचाभरच वाढा, पुन्हा मागितलं तर पुन्हा द्या. बहुतेक जणींची सव्वीस आठवड्यांची रजाही याच सुमारास संपते. तेव्हा दुपारचा डबा भरताना उसळ आणि ताक विसरू नका, नाहीतर संध्याकाळी पाचला कॅन्टीनचा वडापाव ठरलेला.

आणि बाळ जसजसं कमी पितं, तसतशी आपली जास्तीची गरजही घटते. भुकेला हे कळायला थोडा वेळ लागतो. माझ्या धाकट्याने दीड वर्षाचा असताना रात्रीचं पिणं सोडलं. मी मात्र झोपतानाचा दुधाचा पेला आणि उशाशी फुटाण्यांची बरणी तशीच चालू ठेवली होती. दोन महिन्यांनी काट्यावर दीड किलो जास्त दिसलं, तेव्हा बरणी धुऊन स्वयंपाकघरात परत ठेवली. आता तिच्यात जिरं असतं.